‘हार्मनी’ या शब्दाचे मराठी पर्याय : अर्थ आणि उपयोजन

इंग्रजीतील ‘हार्मनी’ या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द नाही. सुसंवाद, सामंजस्य, सलोखा, एकोपा, मेळ असे अनेक शब्द त्यासाठी योजले जातात आणि ते परस्परांचे पर्याय आहेत असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वास्तविक या प्रत्येक शब्दाची पार्श्वभूमी वेगळी आहे आणि माणसांकडून त्याची असलेली अपेक्षाही वेगळी आहे. मीरा-भाईंदरसारख्या बहुधर्मीय व बहुभाषिक शहराच्या संदर्भात हा भेद केवळ कोशापुरता उरत नाही. प्रस्तुत लेखात त्याचेच विवेचन केले आहे.

‘हार्मनी’चे मूळ ‘हार्मोनिया’ या ग्रीक शब्दात आहे. त्याचा जुना अर्थ सांधा किंवा जोड असा होता. होमरच्या ‘ओडिसी’त नायक समुद्र ओलांडण्यासाठी तराफा बांधतो, तेथे लाकडे जोडण्याच्या संदर्भात हाच शब्द आला आहे. उत्तन, पाली, चौक या किनाऱ्यावरील गावांत लाकडी होडी जवळून पाहिलेल्यांना हा मूळ अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. होडीतील प्रत्येक फळी वेगळीच राहते. फक्त सांध्यातून पाणी आत येत नाही.

संगीतातील अर्थ त्यानंतरचा. पाश्चात्त्य संगीतात ‘हार्मनी’ म्हणजे एकाच वेळी उमटणाऱ्या भिन्न स्वरांची रचना होय. रागसंगीतात स्वर एकामागून एक येतात, त्यामुळे या अर्थाची हार्मनी त्यात नाही. तेथे ‘संवाद’ आहे. नाट्यशास्त्रात नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असलेल्या स्वरांना परस्परांचे संवादी म्हटले आहे. षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम ही त्याची परिचित उदाहरणे. वादी, संवादी, अनुवादी यांच्यासोबत तेथे ‘विवादी’ स्वरालाही नाव व स्थान दिलेले आहे, हे विशेष. ‘सुसंवाद’ या शब्दामागे ही सर्व परंपरा उभी आहे. आज मात्र तो बहुधा संभाषणाच्या अर्थाने वापरला जातो. नेत्याने कार्यकर्त्यांशी ‘सुसंवाद साधला’ असे छापून येते, तेव्हा बोलणारा बहुतेक वेळा एकच असतो!

ज्या वाद्याच्या नावातच हार्मनी आहे, त्या हार्मोनियमची कथाही उद्बोधक आहे. मराठी रंगभूमीने त्याला ‘पेटी’ म्हणून आपलेसे केले. पण साथीला बसलेला पेटीवादक हार्मनी वाजवीत नाही, तो गायकाच्या सुरावटीचाच मागोवा घेतो. पुढे पेटीचे स्थिर स्वर श्रुतींशी जुळत नाहीत या आक्षेपामुळे १९४० साली नभोवाणीने तिच्यावर बंदी घातली व ती सुमारे तीन दशके टिकली. मेळाचे नाव धारण करणारे वाद्यच बेमेळ ठरविले गेले.

सामाजिक व्यवहारात प्रश्न अधिक गंभीर होतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ५१ क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांतील ‘हार्मनी’साठी मराठी पाठात ‘सामंजस्य’ हा शब्द येतो. भारतीय दंड संहितेच्या कलम १५३ अ मधील त्याच इंग्रजी शब्दासाठी मराठीत ‘एकोपा’ हा शब्द आहे. (१ जुलै २०२४ पासून या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ ने घेतली आहे.) वृत्तपत्रे व पोलीस यांच्या भाषेत मात्र ‘सलोखा’ रूढ आहे.

‘सामंजस्य’ समंजसपणाकडे नेते. त्यासाठी विवेक पुरेसा आहे, प्रेम असलेच पाहिजे असे नाही. ‘एकोपा’ त्याहून अधिक मागतो, त्याला एकत्वाची भावना हवी असते. ‘सलोख्या’त आधी झालेले किंवा होऊ शकणारे भांडण गृहीत आहे. शेतजमिनीच्या ताब्यावरून शेतकऱ्यांत चाललेले वाद अदलाबदलीच्या दस्ताने मिटावेत म्हणून राज्य शासनाने २०२३ मध्ये आणलेल्या योजनेला ‘सलोखा योजना’ हे नाव दिले, ते या दृष्टीने अगदी अचूक होते.

‘कम्युनल हार्मनी’चे ‘जातीय सलोखा’ हे रूपांतर मात्र दोषपूर्ण आहे. धर्मसमुदायांविषयी बोलताना त्यात ‘जात’ येते, आणि जातींमधील संघर्षासाठी मग वेगळा शब्द शोधावा लागतो. शिवाय भाषेला त्यात जागाच नाही. मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांहून अधिक होती. मूळच्या आगरी, कोळी व ख्रिस्ती गावांभोवती येथे मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू बोलणाऱ्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. जानेवारी २०२४ मध्ये नया नगर परिसरात दोन समुदायांत संघर्ष झाला, तेव्हा ‘जातीय सलोखा’ ही तयार संज्ञा हाताशी होती. २०२५ च्या जून-जुलैमध्ये मराठी बोलण्यावरून एका दुकानदारास मारहाण झाली, त्यानंतर व्यापाऱ्यांचा आणि त्याला उत्तर म्हणून मराठी भाषकांचा मोर्चा निघाला. या प्रसंगी ती संज्ञा निरुपयोगी होती. अनुच्छेद ५१ क मात्र धार्मिक भेदांच्या जोडीने भाषिक भेदांचाही स्पष्ट उल्लेख करतो. ‘भाषिक सामंजस्य’ हा शब्दप्रयोग त्यावरून सहज घडविता येतो. ‘जातीय सलोख्या’इतका तो अद्याप रुळलेला नाही.