जॅक गेला की रेडिओही जातो

(कोळगावच्या महिला गटाने सामुदायिक रेडिओवर केलेले भाषण)



आज आम्ही मोबाईलच्या एका भोकाबद्दल बोलणार आहोत. हसू नका. फोनच्या वरच्या नाहीतर खालच्या कडेला एक छोटं गोल भोक असतं, ज्यात इअरफोनची पिन जाते. त्याला जॅक म्हणतात. गेल्या काही वर्षांत नव्या फोनांतून तो नाहीसा होतोय. आधी महागड्या फोनांतून गेला, आता साध्या फोनांतूनही जायला लागलाय. शहरात यावर वाद चालतो तो गाण्याच्या आवाजावरून, वायर बरी की बिनवायरीचं बरं यावरून. आपलं दुखणं वेगळं आहे. आपल्यातल्या कितीतरी जणी हा कार्यक्रम फोनमधल्या एफएमवर ऐकतात, आणि जॅक नसलेल्या बहुतेक फोनांत एफएम लागतच नाही.

का लागत नाही, ते आधी समजून घेऊ.

जुन्या रेडिओला ओढून लांब करायची काडी असायची, एरियल. ती आत ढकलली की खरखर सुरू व्हायची. हवेतल्या लहरी पकडायला अशी काहीतरी लांब धातूची वस्तू लागते. सामुदायिक रेडिओची बरीच केंद्रं ९०.४ मेगाहर्ट्झवर चालतात. तिथली एक लहर साधारण ३.३ मीटर लांब असते, म्हणजे साडेपाच मीटरच्या साडीच्या निम्म्याहून थोडी जास्त. एवढी लहर नीट पकडायला तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे ८० सेंटिमीटरच्या आसपास तार लागते. हातात मावणाऱ्या फोनमध्ये एवढी लांब काडी बसवायची कुठे? म्हणून फोन बनवणाऱ्यांनी सोपी युक्ती काढली. इअरफोनची वायर मीटरभर लांब असतेच, तिच्या आतल्या तांब्याच्या तारेलाच एरियल करून टाकलं. म्हणून तर एफएम लावलं की फोन आधी सांगतो, इअरफोन जोडा. तो आवाजासाठी मागत नाही, एरियल मागतो.

ब्लूटूथचं तसं नाही. त्याची लहर जेमतेम १२ सेंटिमीटरची, त्याला फोनच्या आतली बोटभर पट्टी पुरते. त्यामुळे कानात बिनवायरीचे बड्स घातले तर गाणी ऐकू येतील, पण एफएमची लहर पकडायचं काम ते करू शकत नाहीत.

यातलीच एक कामाची गोष्ट सांगून टाकतो. एका कानातला आवाज गेलेला इअरफोन टाकून देऊ नका. दोन्ही कान गेले तरी पिन आणि वायर धड असेल तर तो एरियल म्हणून बहुतेक वेळा चालतो. पिन फोनमध्ये घाला, एफएम लावा आणि आवाज फोनच्या स्पीकरवर घ्या. आमच्या गटात दोघी-तिघी असंच ऐकतात. सुकट निवडताना, भाकऱ्या थापताना फोन फळीवर आणि वायर खिळ्याला टांगलेली.

आता हा जॅक आला कुठून? त्याचा पूर्वज टेलिफोन एक्स्चेंजमधला. तेव्हा फोन जोडायला माणूस लागायचं. समोरच्या फळीवर भोकांच्या रांगा, आणि जाड पिन एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली की बोलणं जुळायचं. आधी हे काम पोरं करायची. १८७८ साली अमेरिकेत बोस्टनला एम्मा नट नावाची पहिली बाई या कामावर लागली, आणि पुढे हे काम बायकांचंच झालं. ती पिन पाव इंच जाडीची होती. नंतर खिशातल्या ट्रान्झिस्टरसाठी तिची धाकटी बहीण आली, साडेतीन मिलिमीटरची. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि ही पिन जगभर पोचली. तिची खरी खुबी अशी, की ती कुणा एका कंपनीची नाही. विरार-डहाणू लोकलच्या लेडीज डब्यात शंभर रुपयांना घेतलेला इअरफोन कुठल्याही फोनला, टीव्हीला, रेडिओला लागतो. बैठकीत मोठ्या स्पीकरला फोन जोडायची वायरही त्याच पिनेची.

हा जॅक काढून टाकण्यावरून सगळ्यात मोठा गाजावाजा झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये. ॲपल कंपनीने आयफोन ७ आणला आणि त्यात जॅक ठेवला नाही. याआधी एक-दोन कंपन्यांनी काढला होता, पण त्यांच्याकडे कुणी फारसं बघितलं नव्हतं. ॲपलच्या अधिकाऱ्याने व्यासपीठावरून सांगितलं, की हे करायला धैर्य लागतं. लोकांनी त्या शब्दाची भरपूर टर उडवली. कारण त्याच दिवशी, त्याच व्यासपीठावर कंपनीने आपले बिनवायरीचे एअरपॉड्सही दाखवले. आपल्याकडे त्यांची किंमत होती १५,४०० रुपये. दुसऱ्या कंपन्यांनीही ॲपलची चेष्टा केली. गूगलने आपल्या पिक्सेल फोनला जॅक असल्याची जाहिरात केली आणि वर्षभरात पुढच्या फोनमधून काढला. सॅमसंगने जाहिरातींत टिंगल केली आणि २०१९ मध्ये आपल्या नोट १० मधून तोही काढला. टिकाऊ, दुरुस्त करता येणारा फोन म्हणून नाव असलेल्या युरोपातल्या फेअरफोननेही २०२१ मध्ये तेच केलं आणि सोबत बिनवायरीचे बड्स विकायला काढले.

कंपन्यांचं म्हणणं अगदीच खोटं आहे असं आम्ही म्हणणार नाही. जॅकला फोनच्या आत जागा लागते. ती मोकळी झाली की बॅटरी थोडी मोठी बसते. एक भोक कमी झालं की पाणी शिरायची एक वाट कमी. वायर अडकत नाही, ओढली जात नाही, चुलीजवळ, शिलाई मशीनजवळ हे बरंच आहे. तारापूरच्या एमआयडीसीत मशीनवर काम करणाऱ्या बाईला लोंबती वायर धोक्याचीच. पण पाण्याचं कारण आम्हाला पटत नाही. ज्या वर्षी आयफोनमधून जॅक गेला, त्याच वर्षी आलेला सॅमसंगचा एस ७ जॅक असूनही पाण्यात टिकत होता. म्हणजे करायचं म्हटलं तर येतं.

आणि बड्सचा हिशेब बघा. वायरवाला इअरफोन शंभर-दीडशेचा. तो चार्ज करावा लागत नाही. मोडला तर पुढच्या लोकलला दुसरा. बरे बड्स घ्यायचे तर हजाराच्या घरात. त्यांच्या आत इवलीशी बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि बदलून मिळणं मुश्कील. एक हरवला की जोडी गेली. हा खर्च कुणावर पडतो, ते कंपनीच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

काही दुकानदार सांगतात, ताई, चार्जिंगच्या भोकातच लागणारा टाइप-सीचा इअरफोन घ्या. गाण्यांना आणि फोनवर बोलायला तो चालतो. पण तो लावला की चार्जिंग बंद, आणि एफएम त्यावर बहुतेक वेळा लागत नाही. जॅक काढलेल्या फोनांत मुळात एफएमचं ॲपच ठेवलेलं नसतं. गंमत अशी, की बऱ्याच फोनांत वायफाय-ब्लूटूथच्याच चिपमध्ये एफएम पकडायची सोय असते. नुसती जोडलेली नसते, किंवा बंद करून ठेवलेली असते.

‘मग इंटरनेटवर ऐका की,’ असंही सांगतात. आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप आहे, चांगलं आहे. पण त्याला डेटा लागतो आणि रेंज लागते. डोंगरपट्ट्यातल्या पाड्यांवर रेंजसाठी झाडाखाली जाऊन उभं राहावं लागतं, ते तुम्हाला आम्ही काय सांगायचं. एफएमला रिचार्ज लागत नाही. एकीने ऐकलं काय आणि हजार जणींनी ऐकलं काय, लहर तीच.

आता आम्हाला ज्याची खरी काळजी वाटते ते बोलतो. घरात नवीन फोन येतो तो आधी कुणाच्या हातात जातो? नवऱ्याच्या, नाहीतर कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या. त्याने तीन वर्षं वापरला, काच तडकली, की तो आपल्याकडे येतो. म्हणजे आज घरात बिनजॅकचा फोन आला तर तीन वर्षांनी तोच आपला फोन होणार. फोन निवडताना कॅमेरा किती मेगापिक्सेल, गेम चालतो का, हे सगळं विचारलं जातं. रेडिओ लागतो का, हे विचारणारी बाई त्या वेळी दुकानात नसतेच.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. पाळीच्या तक्रारी, पाळणा लांबवण्याची साधनं, घरात मारहाण होत असेल तर कायदा काय सांगतो, असे कार्यक्रम आपण चारचौघांत मोठ्याने लावत नाही. एका कानात इअरफोन, दुसरा कान सासूच्या हाकेला मोकळा, असं ऐकतो. शंभर रुपयांच्या वायरीने ही सोय दिली होती. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालते. त्याच वर्षी तेलंगणात माचनूरला दलित शेतकरी बायकांनी संघम रेडिओ सुरू केला. अशी केंद्रं बायकांच्या आवाजावर उभी आहेत. पण बोलणारीइतकीच ऐकणारीही लागते, आणि ऐकणारीच्या हातात आता बहुतेक वेळा वेगळा रेडिओ नसतो, फोनच असतो.

तिसरी गोष्ट वादळाची. १७ मे २०२१ ला तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं, तो दिवस सातपाटी, वडराई, चिंचणीच्या बायका विसरलेल्या नाहीत. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा थंडीत घराबाहेर झोपायची वेळ आली. अशा वेळी वीज गेली की काही तासांत मोबाईलच्या टॉवरची बॅटरी उतरते. मग फोन, व्हॉट्सॲप, सगळं ठप्प. रेडिओला टॉवर लागत नाही. सामुदायिक केंद्राचा ट्रान्समीटर साधारण ५० वॉटचा, म्हणजे छोटाच. इन्व्हर्टरवर तो चालू राहू शकतो. त्याचा आवाज पाच-दहा किलोमीटरच जातो हे खरं, पण वादळात आपल्याला आपल्याच गावाची बातमी हवी असते. निवारा कुठे उघडलाय, पूल चालू आहे का, पाण्याचा टँकर येणार का.

अमेरिकेत हा प्रश्न २०१७ मध्ये उघडा पडला. एकामागून एक मोठी वादळं आली, पोर्तो रिको बेटावर जवळजवळ सगळे मोबाईल टॉवर बंद पडले. तिथल्या सरकारी दूरसंचार आयोगाच्या अध्यक्षांनी ॲपलला जाहीरपणे सांगितलं, आयफोनमधला एफएम चालू करा. कंपनीने उत्तर दिलं, की आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिपही नाही आणि एरियलही नाही. म्हणजे विषयच संपला. जे घडवतानाच काढून टाकलं, ते वादळात कुठून चालू करणार?

आपल्याकडे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये मोबाईल कंपन्यांच्या संघटनांना सूचनापत्र पाठवलं. ज्या फोनांत एफएमची सोय आहे तिथे ती बंद ठेवू नका, जिथे नाही तिथे द्या, असं त्यात होतं. कारणं हीच दिली होती, गरीब घरं आणि आपत्ती. पण ती सूचना आहे, सक्ती नाही. दुकानात विचारलं तर अशी काही सूचना आहे हे माहीतच नसतं. एकाने तर आम्हाला ऐकवलं, रेडिओ आता कोण ऐकतं? आम्ही म्हटलं, आम्ही बोलतो आणि आम्हीच ऐकतो.

फोन घ्यायला पालघरला किंवा बोईसरला जाल तेव्हा जुना वायरवाला इअरफोन पिशवीत टाका. पिन जाते का बघा. मग एफएमचं ॲप उघडून खरंच स्टेशन लागतं का बघा, कारण जॅक असूनही एफएम नसलेले फोन आहेत. पत्र्याच्या दुकानात, शटरच्या आत लागलं नाही तर फोन घेऊन बाहेर या. बटणांच्या फोनांत बहुतेक वेळा एफएम असतो, आणि काहींत एरियल आतच असतं, त्यांना वायरही लागत नाही. घरातल्या पोरांना ब्लूटूथवालाच फोन हवा असेल तर घेऊ द्या, पण सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ फळीवर असू द्या.

आणि एक काम. आम्ही यादी करतोय. तुमच्या घरातल्या फोनांची नावं, प्रत्येकात जॅक आहे की नाही, एफएम आहे की नाही, आणि आपलं केंद्र तुमच्या पाड्यावर लागतं की नाही, एवढं एका कागदावर लिहा आणि महिन्याच्या बैठकीत तुमच्या गटाच्या सचिवताईंकडे द्या. नावं लिहिता येत नसतील तर फोनच घेऊन या, आम्ही बघून लिहू. सगळ्या गटांचे कागद जमले की यादी आणि अर्ज घेऊन आम्ही इथे कोळगावलाच जिल्हाधिकारी कार्यालयात जाणार आहोत. आपत्तीची माहिती रेडिओवरून द्यायची तर ती ऐकणारे फोन किती घरांत आहेत, हे त्यांच्या टेबलावर पोचायला हवं. दिवस ठरला की याच कार्यक्रमात सांगू.