बाबासाहेबांना अमेरिकेला नेणारे जहाज

बाबासाहेब अमेरिकेत शिकले, हे दर १४ एप्रिलला आमची मुले भाषणात सांगतात. यंदा सावंगीच्या एका चिमुरडीने विचारले, “ते तिथवर गेले कशाने?” आम्ही गप्प झालो. धाम नदीकाठची आम्ही माणसे, समुद्राची माहिती आम्हाला कुठली! मग शोध घेतला, तो वाचकांपुढे ठेवतो.

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले ते ‘अँकोना’ या इटालियन आगबोटीतून. टायटॅनिक जिथे बांधली गेली, त्याच बेलफास्ट शहरात ही बोटही तयार झाली आणि १९०८ पासून इटली ते न्यूयॉर्क अशा फेऱ्या करू लागली. पहिल्या वर्गाला जागा ६०, तिसऱ्या वर्गाला २,५००! पोटासाठी गाव सोडून अमेरिकेला निघालेले इटलीतले गरीब मजूर, हेच तिचे खरे उतारू.

त्या वेळी बाबासाहेब २२ वर्षांचे होते. वडील सुभेदार रामजी २ फेब्रुवारीलाच वारले होते. घरी रमाई आणि लहान मूल. आधार फक्त सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीचा, तोही परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याच्या करारावर. टायटॅनिक बुडून जेमतेम १५ महिने झाले होते. तोच अटलांटिक महासागर त्यांनी ओलांडला.

पुढे महायुद्ध पेटले. ८ नोव्हेंबर १९१५ रोजी अँकोना पुन्हा न्यूयॉर्कला निघाली असता सार्डिनिया बेटाजवळ जर्मन पाणबुडीने तिला बुडवले. पाणबुडीवर निशाण मात्र ऑस्ट्रियाचे होते. २०० हून अधिक माणसे दगावली. त्या वेळी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

१९१७ साली ते लंडनहून परतले. सामान दुसऱ्या बोटीने येत होते. तीही युद्धात बुडाली. अर्धपोटी राहून जमवलेली पुस्तके गेली. भरपाईचे ६०० रुपये मिळाले, बडोद्याला नोकरीवर जाताना तेच कामी आले. पण बाबासाहेब खचले नाहीत. १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि अपुरा राहिलेला अभ्यास पुरा केला.

बोट बुडाली, पुस्तके बुडाली. शिकलेले बुडाले नाही. मायबापांनो, लग्नात बँड थोडा कमी वाजला तरी चालेल, पण पोरीची फी थकू देऊ नका. आणि पुढच्या जयंतीला मुलांच्या भाषणात अँकोनाचे नावही येऊ द्या.

जय भीम!