एंजिननिर्मितीतील सहयोग

एंजिनाची तंत्रविद्या गुंतागुंतीची होत गेल्यावर संशोधन, भांडवल व जोखीम कंपन्यांनी वाटून घेण्याची व्यवस्था. साध्या डीझेल एंजिनाचे बहुतेक भाग एकाच कारखान्यात बनविता येत. परंतु इंधनाचे उच्च दाबाखालील अंतःक्षेपण, इलेक्ट्रॉनिकीय नियंत्रण व निष्कास वायूंचे शुद्धीकरण यांची भर पडल्यावर हे एकाच कंपनीच्या आवाक्यात राहिले नाही. पुण्यात किर्लोस्कर समूह व अमेरिकेची कमिन्स एंजिन कंपनी यांनी १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापिली. उत्पादनाचे कौशल्य येथे रुजले, मूळ अभिकल्प मात्र मुख्यतः अमेरिकेतूनच येत. पुढे किर्लोस्करांनी आपला हिस्सा विकला व नावातून ‘किर्लोस्कर’ गेले. जमशेटपूरच्या टाटा कमिन्समध्ये (१९९३) एंजिनांचा ग्राहकच, म्हणजे टाटांची मोटार कंपनी, निम्म्याचा भागीदार होता. त्यामुळे वाहनाच्या गरजा अभिकल्पकांपर्यंत थेट पोहोचणे सुकर झाले.