ग्लासातला ऊस

रम आणि कोला हे घरी करता येणारे बहुधा सर्वांत सोपे मद्यपेय. दोन बाटल्या, बर्फ आणि एक लिंबू एवढ्यावर भागते, आणि म्हणूनच ते सर्वांत निष्काळजीपणे केले जाते. अंदाजाने ओतलेली रम, वर कोमट थम्सअप, बर्फाचे दोन विरघळते तुकडे, आणि मग दुसऱ्याच घोटाला ‘फार गोड झालंय’ अशी तक्रार. या पेयाकडे पाच मिनिटे नीट लक्ष दिले, तर ते कोणत्याही नावाजलेल्या बारमधल्या पेयाच्या तोडीचे होते, असे माझे ठाम मत आहे. आणि हे लक्ष महाराष्ट्राने तर द्यायलाच हवे, कारण त्या ग्लासात पाणी आणि लिंबू सोडले तर जवळजवळ सगळा ऊसच असतो.

साखर कारखान्यात एक टन ऊस गाळला, की साधारण १०० किलोच्या पुढेमागे साखर निघते. रस आटवत, दाणे वेगळे करत गेल्यावर शेवटी जो काळा, दाट, कडवट गोड द्रव उरतो आणि ज्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही, ती मळी. टनामागे ती ४०-४५ किलो भरते. यीस्टने ही मळी आंबवायची आणि आसवनीत ऊर्ध्वपातन करायचे, म्हणजे त्यातून सुमारे दहा लिटर अल्कोहोल मिळते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५०-५१ च्या सुमारास तिथे गाळप सुरू झाले, आणि पुढच्या काही दशकांत नगर, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात कारखान्यांची धुराडी उठली. त्यांतल्या अनेकांच्या कुंपणातच आसवनी असते. त्या बाजूने एसटीने गेलेल्या प्रत्येकाला मळीचा वास ओळखीचा आहे.

कोल्याची कुळकथाही तिथेच पोचते. अमेरिकेतल्या मोठ्या कोला कंपन्या १९८० च्या दशकात मक्याच्या पाकाकडे वळल्या. आपल्याकडे कोला अजून साखरेचाच होतो, आणि भारतात साखर म्हणजे उसाची साखर. म्हणजे रम ही मळीची लेक, तर कोला साखरेची. दोघींच्या चवीत कॅरॅमल आहे आणि व्हॅनिलाही. रममध्ये व्हॅनिलाचा गंध येतो तो ओकच्या पिंपातून: लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन तयार होते आणि मुरताना ते मद्यात उतरते. कोल्याच्या अर्कात व्हॅनिलाबरोबर लिंबूवर्गीय फळांच्या सालींची तेले, दालचिनी आणि जायफळाच्या जातीचे मसाले असतात. ही दोन पेये एकमेकांत इतकी सहज मिसळतात त्याचे कारण हे. अडचणही त्यातच आहे. गोडावर गोड पडते, आणि तो भार तोलायला आंबट, थंड आणि फेसाळ या तीन गोष्टी लागतात. घरी करताना नेमक्या याच तीन गोष्टींची हेळसांड होते.

कृतीकडे वळण्याआधी इतिहासात थोडे थांबायला हवे, कारण रमचा इतिहास गोड नाही. सतराव्या शतकाच्या मध्याला बार्बाडोससारख्या कॅरिबियन बेटांवर मळीपासून दारू गाळायला सुरुवात झाली, ती आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या श्रमावर. गुलामी कायद्याने संपली तेव्हा मळ्यांना नवे हात हवे झाले आणि ते हिंदुस्थानातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, नेले गेले. मॉरिशसला १८३४ पासून ही जहाजे लागू लागली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली मराठी माणसे होती. मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे, गणपती बसवले जातात. पोर्ट लुईच्या धक्क्यावर जिथे हे मजूर उतरले, त्या आप्रवासी घाटाला युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या बेटाची साखर आणि रम या दोन्हींमागे कोकणातल्या पूर्वजांचे कष्ट आहेत, हे रमबद्दल लिहिताना मराठी माणसाने विसरू नये.

रममध्ये पाणी आणि लिंबू घालण्याची शिस्त लावली ब्रिटिश आरमाराने. १६५५ मध्ये इंग्रजांनी जमैका घेतले आणि खलाशांना रमचा शिधा मिळू लागला. निखळ रम पिऊन जहाजांवर गोंधळ माजू लागला, तेव्हा अॅडमिरल एडवर्ड व्हर्नन यांनी १७४० मध्ये हुकूम काढला: रमच्या चौपट पाणी घालून, दिवसातून दोन वेळा वाटा. साखर आणि लिंबू ज्याने त्याने आपल्या पैशाने घ्यावे, असेही त्यांनी सुचवले. आरमारातला हा शिधा थेट ३१ जुलै १९७० पर्यंत चालू होता. जोरकस मद्य मोजून घ्यायचे, भरपूर सौम्य करायचे आणि त्याला आंबटाची जोड द्यायची, ही आजच्या ग्लासाची चौकट तेव्हाच ठरली.

कोला त्यात आला क्यूबात. अटलांटाच्या जॉन पेम्बर्टन यांनी १८८६ मध्ये कोका-कोला तयार केला. १८९८ च्या युद्धात स्पेनचा पराभव झाला आणि अमेरिकी सैन्य क्यूबात उतरले. क्यूबाची रम आणि अमेरिकेचे सरबत यांची गाठ त्यानंतरच्या वर्षांत हवानात पडली, आणि पेयाला ‘क्यूबा लिब्रे’ हे स्वातंत्र्यलढ्यातल्या घोषणेचे नाव मिळाले. हे पेय पहिल्यांदा तयार होताना आपण पाहिले, अशी एका माणसाची साक्ष बकार्डी कंपनीने १९६० च्या दशकात जाहिरातीसाठी वापरली. तो माणूस याच कंपनीशी संबंधित होता, त्यामुळे ती गोष्ट मी गोष्ट म्हणूनच घेतो. १८६२ मध्ये सांतियागो दे क्यूबा इथे सुरू झालेल्या या कंपनीची क्यूबातली मालमत्ता कास्त्रो सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतली होती. पुढे अमेरिकेने निर्बंध लादले, आणि हवानात हे पेय करायला तिथला देशी कोला वापरला जाऊ लागला.

आपली जोडी वेगळी आहे आणि माझ्या मते चवीला अधिक भरदार आहे. क्यूबात हलकी, पांढरी रम वापरतात. आपल्याकडे रम म्हटले की काळी रम. मोहन मीकिन कंपनीची ओल्ड मंक १९५४ पासून बाजारात आहे: ठेंगणी बाटली, ४२.८ टक्के अल्कोहोल. सैन्याच्या कँटीनमधून रमच्या बाटल्या साताऱ्या-कोल्हापुरातल्या फौजींच्या घरी पोचल्या आणि सुट्टीवर आलेल्या जवानाभोवती बैठक जमू लागली. १९७७ मध्ये जनता सरकारच्या काळात कोका-कोलाने भारत सोडला. त्याच वर्षी पार्लेच्या चौहानांनी मुंबईतून थम्सअप आणला. त्यात गॅस जास्त, मसाल्याचा ठसका जास्त. काळ्या रमच्या जडपणाला असाच सोबती हवा होता. १९९३ मध्ये कोका-कोला परत आला आणि त्याने थम्सअप विकत घेतला, पण थम्सअपची चव लोकांनी सोडली नाही म्हणून तो ब्रँड टिकला. रमसाठी मला आजही तोच पसंत आहे.

आता कृती. उंच, सरळ ग्लास घ्या, साधारण ३०० मिलीचा. अशा ग्लासात मद्य आणि त्याहून बरेच जास्त फेसाळ पेय घेतले, की त्याला बारमन हायबॉल म्हणतात. ग्लास उंच असण्याला कारण आहे: तोंड अरुंद असल्याने गॅस सावकाश उडतो.

सगळ्यात महत्त्वाचे, कोला आधीपासून फ्रिजमध्ये हवा. कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात जास्त विरघळतो. ३० अंशांच्या पाण्यात तो शून्य अंशाच्या मानाने निम्म्याहूनही कमी मावतो. कोमट कोल्याचे झाकण उघडताच जो फेस उसळतो, तो तुमच्या ग्लासातून कायमचा गेलेला गॅस असतो. शिवाय बर्फाचा हिशेब आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो. त्या हिशेबाने ३० अंशांचा १५० मिली कोला थंडगार करायला ५० ग्रॅमहून अधिक बर्फ वितळावा लागतो, म्हणजे तेवढे पाणी पेयात मिसळते. फ्रिजमधल्या ४ अंशांच्या कोल्यासाठी ५-७ ग्रॅम पुरतो. बर्फ घातल्याने पेय पाणचट होते ही समजूत म्हणूनच उलटी आहे. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला आणि बाकी सारे आधीच थंड असले, तर बर्फ टिकतो. दोनच खडे टाकले तर ते लगेच वितळतात. खडे मोठे असावेत, लहान वाट्यांत लावलेले चालतील. वापरण्याआधी ते क्षणभर पाण्याखाली धरावेत. वरचा भुगा निघून जातो आणि खरखरीत पृष्ठभागावर बुडबुडे फुटायचे कमी होतात. रमची बाटलीही तासभर फ्रीझरमध्ये ठेवता येते. उणे १८ अंशांना ती गोठत नाही.

मोजमाप टोपणाने करू नका. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा खुणांचा कप स्वच्छ धुऊन वापरला तरी काम होते. ४५ मिली रम, अर्ध्या कागदी लिंबाचा रस म्हणजे ८-१० मिली, आणि १३० ते १५० मिली कोला. बारमनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे क्यूबा लिब्रेचे प्रमाण ५० मिली रम, १० मिली लिंबाचा रस, १२० मिली कोला असे आहे. आपली रम काळी आणि कोला ठसकेबाज, म्हणून मी कोला थोडा वाढवतो.

बर्फावर आधी रम आणि लिंबाचा रस घालून चमच्याने फिरवा. मग ग्लास तिरका धरून कोला कडेने, हळू सोडा. शेवटी लांब दांड्याचा चमचा तळाशी नेऊन एकदाच वर उचला. रम पाण्यापेक्षा हलकी आणि साखरेचा कोला जड, त्यामुळे वरून ओतलेला कोला आपोआप खाली उतरत मिसळतो. ढवळत बसलात तर फक्त गॅस घालवाल.

लिंबाबद्दल मी हट्टी आहे. आंबट तर कोल्यातही आहेच, त्याचा पीएच अडीचच्या आसपास असतो, पण ते फॉस्फोरिक आम्ल, त्याला गंध नाही. लिंबाची फोड पिळताना सालीतले तेल ग्लासाच्या तोंडावर उडते आणि मळीचा जडपणा तिथेच कापला जातो. बाटलीतला तयार रस ते काम करत नाही. पिळलेली फोड ग्लासातच टाकावी.

एवढे झाल्यावर हातात जे येते ते सरबतासारखे लागते, आणि म्हणून त्यातले मद्य ओळखून असले पाहिजे. ४२.८ टक्क्यांच्या ६० मिलीच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. अनेक देशांत दहा ग्रॅमला एक माप धरतात, म्हणजे ही दोन मापे झाली. कोला आणि वितळलेले पाणी धरूनही असा ग्लास साडेदहा टक्क्यांच्या घरात जातो, वाईनच्या जवळपास, आणि वाईनपेक्षा कितीतरी भरभर संपतो. माझे माप ४५ मिलीवर थांबते ते यामुळे. साखर टाळायची म्हणून डाएट कोला घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: साखर नसली की मद्य जठरातून लवकर पुढे सरकते आणि रक्तातले प्रमाण जास्त चढते. मधुमेहाची औषधे चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. थंडीत रमने अंग तापते हाही भ्रम आहे. त्वचेकडचे रक्त वाढून ऊब जाणवते, पण शरीराची उष्णता प्रत्यक्षात बाहेर जात असते.

महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत आणि पिण्याचा परवाना हवा. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळले तर गुन्हा होतो, आणि एक भरगच्च ग्लास तेवढ्याला पुरू शकतो. बाटली परवानाधारक दुकानातूनच, सील पाहून घ्यावी. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसे गेली. मिथेनॉल चवीने ओळखता येत नाही.

दिवाळीच्या दिवसांत पाहुणे जमले की एकदम मोठा जग भरून पेय मिसळून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळावा, दहा मिनिटांत त्यातला गॅस जातो. दोन लिटरच्या बाटलीऐवजी २५० मिलीच्या छोट्या बाटल्या आणाव्यात आणि प्रत्येक ग्लासाला ताजी उघडावी. सोबत फराळातले तिखटमीठच ठेवावे: भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, खारे शेंगदाणे. लाडू-करंजीची वेळ वेगळी. न पिणाऱ्या पाहुण्यासाठीही तसाच उंच ग्लास, तेवढाच बर्फ, लिंबाचा रस जरा जास्त, थंड कोला आणि वर किसणीवर घासलेले चिमूटभर जायफळ. मसाल्याचा जो गंध कोल्यात आधीच दडलेला आहे तो त्याने वर येतो, आणि हा ग्लास मात्र घरातल्या कोणालाही देता येतो.