नेटचा पाटकरी कोण?

भोगावती, दूधगंगा किंवा वारणेच्या काठच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, की माळावरच्या उसाला पाणी कसं पोचतं. तो बोटावर मोजून सांगेल: नदीत जॅकवेल, तिथून चढावर जाणारी मोठी पाइपलाइन, वर चेंबर, चेंबरमधून फुटणाऱ्या बारक्या लाइनी आणि शेवटी प्रत्येकाची पाळी. त्यासाठी लोकांनी भाग घेतले, कर्ज काढलं, संस्था उभी केली. लाइन फुटली की रात्री बॅटरी घेऊन धावणारा माणूस, म्हणजे पाटकरीही नेमला.

गावात इंटरनेट आणायचं कामही जवळजवळ असंच आहे. कोल्हापूर जिल्ह्याला ते इतरांपेक्षा लवकर जमायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

इथली नदी म्हणजे मोठ्या कंपनीकडून ठोक भावात घेतलेली बँडविड्थ. समजा, एका स्थानिक सेवादाराने एक गिगाबिटची लाइन घेतली आणि दोनशे घरांना पन्नास मेगाबिटचे प्लॅन विकले. बेरीज होते दहा गिगाबिट, म्हणजे विकत घेतलेल्याच्या दहापट. तरीही हे चालतं, कारण सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण वेगाने नेट ओढत नाहीत. अडचण येते रात्री जेवणानंतर, घरोघरी व्हिडिओ सुरू झाले की. पाण्याला पाळी लावता येते, नेटला लावता येत नाही. म्हणून त्या तासाभराचा अंदाज घेऊन मूळ लाइन वाढवत राहणं, हे या धंद्याचं पहिलं पथ्य.

पाइपलाइनच्या जागी असते केसाएवढ्या जाडीची काचेची तार. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत एका तारेतून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती सुटते. वाटेतल्या स्प्लिटरमध्ये तोच प्रकाश बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटला जातो आणि तो वीस किलोमीटरपर्यंत पोचू शकतो. स्प्लिटरला वीज लागत नाही. वाटेतल्या गावाची लाइट गेली तरी पुढच्या गावाचं नेट चालू राहतं. बॅटरी फक्त दोन टोकांना हवी. डोंगराळ भागात याचं मोल फार मोठं आहे.

जिथे तार नेणं परवडत नाही, तिथे रेडिओ. पाच गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातला मोठा भाग 2018 साली केंद्र सरकारने परवान्यातून मोकळा केला. दोन डोंगरमाथ्यांवर समोरासमोर अँटेना लावून दरी ओलांडता येते. अट एकच, दोघांमध्ये नजर आरपार जायला हवी. मधल्या झाडाची फांदी वाढली आणि पावसात पानं भिजली की सिग्नल मरतो. त्यामुळे गगनबावड्याच्या पावसात अँटेना पानांच्या वरच न्यावी लागते.

मग मोठ्या कंपन्या वाड्यावस्त्यांवर का जात नाहीत? शिरोळच्या सपाटीवर एक किलोमीटर केबल ओढली की घरामागून घर लागतं. शाहूवाडी, राधानगरी किंवा चंदगडात तेवढ्याच केबलीत एखादी वाडी लागते आणि पुढे नुसती झाडी. खर्च तोच, गिऱ्हाईक मूठभर. त्यावर ग्रामपंचायत, सार्वजनिक बांधकाम विभाग, महावितरण आणि जंगल लागलं तर वनविभाग, इतक्यांच्या परवानग्या. दूरच्या कचेरीला हा हिशेब तोट्याचाच दिसतो. त्याच गावात राहणाऱ्या माणसाला तो वेगळा दिसू शकतो.

कायद्याने वाट बंद नाही. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं आणि 1998 मध्ये सरकारने खासगी सेवादारांना दार उघडलं. 2013 च्या युनिफाइड लायसन्स पद्धतीत साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्राच्या ‘क’ वर्गासाठी प्रवेश शुल्क वीस हजार रुपये ठेवलं गेलं. देशभराच्या ‘अ’ वर्गाला ते तीस लाख होतं. मात्र हा परवाना कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीसाठी आहे. सहकारी संस्थेला परवानाधारकाची फ्रँचायझी घेता येते. अनेक केबलवाले हेच करतात. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत तर चहाच्या टपरीलाही वाय-फाय विकता येतं, परवाना न घेता आणि शुल्क न भरता.

तरीही परवाना आणि तार हाती आली म्हणजे काम झालं, असं नाही. हे कोल्हापूरनेच देशाला दाखवलं. 1998 साली वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र आणि राज्य सरकारचा पैसा होता, पाठीशी तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणा समूह होता. गावोगावी संगणक केंद्रं आली. बाजारभाव, शेतीसल्ला, दाखले, सगळं तिथे मिळावं अशी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकरी तिथे मुख्यतः साखर कारखान्याच्या कामासाठी जात: ऊसतोडीची परवानगी, टनेज, बिल. पुढे मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने हीच कामं मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिली. ती स्वस्तात झाली, सोयीची झाली आणि शेतकऱ्यांना संगणकापेक्षा जास्त आवडली. वारणेची धडपड वाया गेली असं मी म्हणणार नाही. गावाला कुठल्या कामासाठी नेट हवंय हे आधी विचारायचं असतं, हे तिनेच शिकवलं.

दुसरं उदाहरण इंग्लंडच्या लँकेशायरमधलं. कंपन्या येईनात म्हणून 2011 मध्ये तिथल्या खेड्यांतल्या लोकांनी ‘बी फोर आर एन’ ही संस्था काढली. भाग विकून भांडवल जमवलं, शेतकऱ्यांनी आपल्या रानातून तार न्यायला वाट दिली, गावकऱ्यांनी स्वतः चर खणले आणि घराघरात एक गिगाबिटचं नेट नेलं. आपल्या पाणीपुरवठा संस्थांचे जुने सभासद हे ऐकून चकित होणार नाहीत. त्यांनी हेच केलंय, फक्त पाइप जाड होता.

एक काळजी मात्र कोल्हापूरची स्वतःची. 2019 आणि 2021 च्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला. ज्या रस्त्याने तार येते तो बुडाला, तर दुरुस्तीला माणूस जायचा कसा? म्हणून गावाकडे येणाऱ्या तारेला दुसरी वाट हवी. पूररेषेच्या वरून जाणारी, तार नसेल तर डोंगरावरचा रेडिओ तरी.

पाणीपुरवठा संस्थांच्या पुढच्या वार्षिक सभेत हा विषय घ्यायला हरकत नाही. किती घरं महिन्याला पैसे भरतील, ई-पीक पाहणी कुठल्या शिवारात अडते, मुलांचे फॉर्म भरायला कोण किती लांब जातं, एवढं आधी लिहून काढावं. आणि त्याच कागदावर एका माणसाचं नाव घालावं, भर पावसात तार तुटली तर शिडी घेऊन निघणाऱ्या पाटकऱ्याचं. त्याचा पगार कुठून द्यायचा हे सभेत ठरलं, तर बाकीचं सामान बाजारात मिळतं.