तीन स्क्रीन घेण्याआधी टेप घ्या : फ्लाइट सिम्युलेटरचा कॅमेरा कसा लावायचा

फ्लाइट सिम्युलेटरच्या धंद्यावरच्या व्हिडिओत कॅमेऱ्याचा भाग मावला नाही, तो इथे सविस्तर देतोय. तुमचं भांडवल कुठे खर्च होणार, हे या भागावर ठरतं.

आधी आपल्या जिल्ह्याचं बोलू. गोंदियाजवळ बिरसीचा विमानतळ आहे, तिथे वैमानिक घडवणारी राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, आणि १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोचं हैदराबादचं विमान सुरू झालं. पण बिरसी जिल्ह्याच्या उत्तरेला आणि केशोरी पार दक्षिणेला, गडचिरोलीच्या हद्दीकडे. केशोरीच्या पोराला विमान दिसतं ते आकाशात ठिपक्याएवढं. त्याच्या शाळेत, किंवा दिवाळीनंतरच्या मंडईत, एक लॅपटॉप आणि एक जॉयस्टिक मांडून ‘बिरसीला विमान उतरवून दाखवा’ असं म्हटलं तर रांग लागू शकते. लागेलच असं मी म्हणत नाही, पण कमी पैशात करून बघण्यासारखी गोष्ट आहे.

आता होतं काय, माणूस सिम्युलेटर सुरू करतो आणि त्याला वाटतं, खिडकीतून फारच कमी दिसतंय. मग तो झूम कमी करतो, म्हणजे दृश्य रुंद करतो. सगळं दिसायला लागतं, पण धावपट्टी इवलीशी होते, लांब गेल्यासारखी वाटते, आणि कडेची झाडं सपासप मागे पळतात. गिऱ्हाईक विमान आपटतं, दोघातिघांना गरगरतं. मालक म्हणतो, स्क्रीन लहान आहे, तीन मोठ्या घेऊ. आणि कर्जाचा अर्ज भरतो.

थांबा. आधी टेप घ्या.

तुमची स्क्रीन ही एक खिडकी समजा. डोळ्यापासून खिडकीच्या डाव्या आणि उजव्या कडेपर्यंत दोन दोऱ्या ताणल्या, तर त्यांच्यामध्ये जो कोन होतो तो तुमचा खरा दृष्टिकोन. इंग्रजीत त्याला फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात. सॉफ्टवेअरमधला कोन या खऱ्या कोनाइतका असेल तर धावपट्टी डोळ्याला जेवढी दिसायला हवी तेवढीच दिसते. सॉफ्टवेअरचा कोन मोठा ठेवला की सगळं आक्रसतं, लहान ठेवला की सगळं फुगतं.

गणित सोपं आहे. स्क्रीनची रुंदी मोजा, डोळ्यापासून स्क्रीनचं अंतर मोजा. अंतर रुंदीएवढंच असेल तर कोन ५३ अंश. अंतर रुंदीच्या दीडपट असेल तर ३७ अंश. अंतर पाऊणपट असेल तर ६७. अंतर रुंदीच्या निम्मं असेल तेव्हा कुठे ९० अंश मिळतात, आणि तेवढं नाक लावून कोणी बसत नाही. १५.६ इंची लॅपटॉपची स्क्रीन साधारण साडेचौतीस सेंटीमीटर रुंद असते. पन्नास सेंटीमीटरवर बसलात तर खरा कोन ३८ अंशांच्या आसपास येतो. म्हणून त्याच लॅपटॉपवर ८०-९० अंश लावले की डोळा फसतो.

फ्लाइटगिअर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सुरुवात त्याच्यावरच करा. त्यात एक्सचं बटण दाबलं की झूम वाढतो, शिफ्ट धरून एक्स दाबलं की कमी होतो, आणि कंट्रोलसोबत एक्स दाबलं की मूळ जागी येतो. मूळ कोन ५५ अंश असतो, आणि बटण दाबताना स्क्रीनवर आकडा दिसतो. एक्स-प्लेनमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये लॅटरल फील्ड ऑफ व्ह्यू नावाची पट्टी आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये अंश नाही, नुसता झूमचा आकडा मिळतो. तिथे नजरेनेच जुळवावं लागतं.

एक गल्लत बरेच जण करतात. झूम करणं म्हणजे पुढे सरकणं नव्हे. झूममध्ये तुमचं डोकं तिथेच राहतं, फक्त खिडकी अरुंद किंवा रुंद होते. धावपट्टी विमानाच्या नाकामागे लपत असेल तर झूमला हात लावू नका, बैठकीची उंची वाढवा. ती कॅमेऱ्याची जागा बदलणारी वेगळी सेटिंग असते.

खरं सांगायचं तर लॅपटॉपवर ३८ अंश फार अरुंद वाटतं, मीटरसुद्धा पूर्ण दिसत नाहीत. माझं मत असं, की पंचेचाळीस ते पन्नासच्या मध्ये एक आकडा ठरवा आणि सगळ्या गिऱ्हाइकांना तोच ठेवा. बाजूला बघायचं असेल तर जॉयस्टिकवरच्या छोट्या टोपीसारख्या बटणाने मान वळवायला शिकवा. उतरताना मध्येच झूम बदलू देऊ नका. उतरण्याचा अंदाज धावपट्टीच्या आकारावरूनच बांधायचा असतो, तो आकारच बदलला तर माणूस कशाच्या भरवशावर विमान खाली आणणार? खुर्चीचे पाय कुठे ठेवायचे तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा, म्हणजे अंतर बदलणार नाही.

आणि बोर्डावर ‘पायलट प्रशिक्षण’ लिहू नका. अशा सिम्युलेटरवरचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत. ‘उड्डाणाचा अनुभव’ लिहा, तेवढं खरं आहे.

आता ज्यांच्या डोक्यात धानावरच्या ड्रोन फवारणीचा धंदा आहे, त्यांच्यासाठी हा विषय आणखी महत्त्वाचा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे फवारणीच्या ड्रोनसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. वय किमान १८, शिक्षण दहावी पास, आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. त्याआधी घरी सराव करणारे बरेच जण आहेत, चांगलंच आहे. पण ड्रोनच्या काही सिम्युलेटरमध्ये ऑटो झूम असतो. ड्रोन लांब गेला की कॅमेरा आपोआप झूम करतो, ड्रोन कायम मोठा दिसतो. तुम्हाला वाटतं, जमलं. बांधीच्या धुऱ्यावर उभं राहिल्यावर डोळ्याला झूम नसतो. ड्रोनचं तोंड कुठे आहे ते कळेना की डावीकडे दाबायचं ते उजवीकडे दाबलं जातं, आणि लाखोंचं यंत्र झाडात जातं.

हिशोब करून बघा. दीड मीटर रुंदीचा ड्रोन शंभर मीटरवर असेल, तर वर सांगितलेल्या लॅपटॉपवर खऱ्या कोनात तो पाऊण सेंटीमीटर दिसला पाहिजे. कोन ९० अंश ठेवला तर अडीच मिलिमीटर दिसेल, म्हणजे उगाच अवघड. ऑटो झूम चालू असेल तर त्याहून कितीतरी मोठा, म्हणजे फसवा सोपा.

तर आजच ऑटो झूम बंद करा, टेपने मोजून कोन लावा. ड्रोन शंभर मीटरवर न्या, त्याचं तोंड स्वतःकडे करा आणि आडव्या ओळी मारा, बांधीत मारतो तशा. दहा ओळींत एकदाही उलटं बटण दाबलं गेलं नाही, तर प्रशिक्षण संस्थेची फी भरा. दाबलं गेलं तर अजून आठवडाभर सराव करा, त्याला फक्त वीजबिल लागतं.