परक्या नेटवर्कात शिरताना

फोनमागची व्यवस्था : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण स्पेक्ट्रमचा लिलाव पाहिला. कंपनीने लिलावात लहरी घेतल्या, टॉवर उभारले, सिमकार्डे बाजारात आणली की ती फोन कंपनी झाली, असे बाहेरून वाटते. पण पहिल्या दिवशी तिच्याकडे ग्राहक मूठभर असतात आणि त्यांना बोलायचे असते ते इतर कंपन्यांच्या कोट्यवधी ग्राहकांशी. त्या कंपन्यांनी आपल्या नेटवर्कात वाट दिली नाही, तर नव्या कंपनीचे सिमकार्ड कुणी फुकटही घेणार नाही. ही वाट देण्याघेण्याचा करार म्हणजे इंटरकनेक्शन करार. तो दोन खासगी कंपन्यांमध्ये होतो, तरी त्याच्या अटींत नियामकाला हात घालावाच लागतो. असे का, ते आज पाहू.

गावाकडच्या वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. ज्याचे शेत रस्त्यापासून आत आहे त्याची बैलगाडी शेजाऱ्याच्या बांधावरूनच जाते. शेजारी अडून बसला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे रस्ता मागता येतो. दूरसंचारात तहसीलदाराची ही जागा ट्रायकडे, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे आहे. १९९७ च्या ट्राय कायद्याने जोडणीच्या अटी ठरवणे, ती प्रत्यक्षात नीट चालते की नाही ते पाहणे आणि तिच्यातून येणाऱ्या पैशाच्या वाटपाचे नियमन करणे ही कामे थेट या संस्थेवर सोपवली.

हा झगडा भारतात जन्मलेला नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेलची पेटंटे संपली आणि गावोगावी स्वतंत्र टेलिफोन कंपन्या निघाल्या. बेलच्या कंपनीने त्यांना आपल्या तारांवर घ्यायचे नाकारले, त्यामुळे एकाच दुकानात दोन कंपन्यांचे दोन फोन ठेवायची वेळ आली. अखेर १९१३ मध्ये सरकारी कारवाईच्या भीतीने एटी अँड टीने स्वतंत्र कंपन्यांना लांब पल्ल्याच्या तारा खुल्या करण्याचे लेखी दिले. मोठ्याला जोडणी द्यायची घाई नसते. दोन नेटवर्क जोडली गेली की लहान कंपनीच्या ग्राहकाला मोठीचे सगळे ग्राहक मिळतात, मोठीच्या ग्राहकाला त्या मानाने फारच थोडे. म्हणूनच हा करार बाजारावर सोडून चालत नाही.

आता ही वाट प्रत्यक्ष कशी असते ते पाहू. दोन कंपन्यांचे स्विच जिथे एकमेकांना जोडले जातात त्या जागेला पॉइंट ऑफ इंटरकनेक्शन, या धंद्यातल्या लोकांच्या तोंडी पीओआय म्हणतात. तिथे क्षमता मोजतात ती ई-वन नावाच्या जोडणीत. एका ई-वनमध्ये ३२ खाने असतात. त्यांतला एक वेळ जुळवण्यासाठी, एक सिग्नलिंगसाठी, उरलेल्या ३० मध्ये ३० संभाषणे. म्हणजे दहा ई-वन दिले तर एका वेळी तीनशे जण बोलू शकतात. तीनशे एकाव्याने नंबर फिरवला की त्याला ऐकू येते : या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. त्याचा टॉवर उत्तम असतो, समोरच्याचा फोन मोकळा असतो, तरी कॉल मधल्या दारातच पडतो. ग्राहक मात्र शिव्या घालतो आपल्याच कंपनीला. करारावर सही करूनही नव्या कंपनीला जेरीस आणता येते ते असे. जोडणी नाकारायची नाही, फक्त पोर्ट, म्हणजे हे ई-वन, कमी द्यायचे आणि उशिरा द्यायचे.

भारतात याचे उदाहरण दिसले. ५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्स जिओने सेवा सुरू केली, कॉल फुकट ठेवले आणि काही दिवसांतच इतर नेटवर्कांवर जाणारे तिचे कॉल मोठ्या प्रमाणावर पडू लागले. ट्रायचे मोजमाप स्पष्ट आहे : पीओआयच्या सांध्यावर हजारात पाचहून अधिक कॉल अडता कामा नयेत. प्रत्यक्षातले प्रमाण त्याच्या कितीतरी पट होते. जुन्या कंपन्यांचे म्हणणे असे की फुकट कॉलमुळे एकाच दिशेने लोंढा येतो आहे, दुसऱ्याचा कॉल घेण्याबद्दल मिनिटामागे मिळणाऱ्या १४ पैशांत आमचा खर्चही निघत नाही, आणि करारानुसार पोर्ट द्यायला आम्हाला मुदत आहे. यातला खर्चाचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण खर्चाची तक्रार नियामकाकडे न्यायची असते, ग्राहकाचा कॉल अडवून ती मांडायची नसते. ट्रायनेही २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तेच मानले. प्रत्येक सर्कलमागे, म्हणजे परवान्याच्या विभागामागे, ५० कोटी, असा एअरटेल व व्होडाफोनला प्रत्येकी १,०५० कोटी आणि आयडियाला ९५० कोटी रुपयांचा दंड त्याने सुचवला. परवाना रद्द करण्याची शिफारस ग्राहकांचे हाल होतील म्हणून टाळली.

प्रकरण इथे मिटले नाही. तिन्ही कंपन्यांनी संगनमत केले का, याची चौकशी स्पर्धा आयोगाने सुरू केली. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये ती रद्द केली आणि ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. आधी जोडणीचे तांत्रिक प्रश्न ट्रायने सोडवावेत, मगच आयोगाने संगनमताकडे वळावे, असा हा क्रम. तो मला योग्य वाटतो. पोर्ट किती लागतात आणि किती दिवसांत देता येतात, हे ज्याला कळते त्याने आधी बोलावे.

पैशाची बाजूही पाहायला हवी. कॉल ज्या नेटवर्कावर संपतो त्याला पाठवणाऱ्या कंपनीने मिनिटामागे जे द्यायचे, ते आययूसी. ही व्यवस्था १ मे २००३ पासून लागू झाली आणि त्याच दिवशी मोबाइलवर इनकमिंग फुकट झाले. तोवर फोन उचलणाराही पैसे मोजत होता, हे आजच्या तरुणांना खरे वाटणार नाही. दर पुढे ३० पैशांवरून २०, मग १४ आणि ऑक्टोबर २०१७ पासून ६ पैशांवर आला. १ जानेवारी २०२० ला तो शून्य व्हायचा होता, पण एक वर्ष पुढे ढकलला गेला.

हे काही पैसे माणसाला काय काय करायला लावतात, ते २०१९ मध्ये दिसले. जिओवर घंटी वाजण्याचा वेळ कमी करून वीस-पंचवीस सेकंदांवर आणला गेला. घंटी लवकर थांबली की समोरच्याच्या फोनवर मिस्ड कॉल पडतो आणि तो उलट फोन करतो. कॉलची दिशा बदलली की आययूसीचीही बदलते. आधी पैसे देणारी कंपनी आता घेणारी होते. इतर कंपन्यांनीही मग आपली घंटी आखडली. स्वयंपाकघरातून हात पुसत फोनपर्यंत पोचणाऱ्या बाईला तो हाती लागेना, कारण दोन कंपन्यांचा हिशेब. अखेर १ नोव्हेंबर २०१९ रोजी ट्रायने मोबाइलवर ३० आणि लँडलाइनवर ६० सेकंद घंटी वाजलीच पाहिजे, असे ठरवले. १ जानेवारी २०२१ पासून आययूसी शून्य झाला, ज्याचे पैसे त्याच्याकडेच राहू लागले, आणि अशा खेळांचे कारणच संपले. मला हा ट्रायच्या चांगल्या निर्णयांपैकी एक वाटतो. उशीर झाला, एवढेच.

वेळेच्या बाबतीत मात्र मी इतका समाधानी नाही. १ फेब्रुवारी २०१८ पासून लागू झालेल्या इंटरकनेक्शन नियमांनी जोडणीचा करार भेदभाव न करता आणि अर्ज आल्यापासून ३० दिवसांत करायचे बंधन घातले. पोर्ट देण्यालाही मुदत आली. ती आधी ३० दिवसांची होती, त्याच वर्षी ४२ कामाच्या दिवसांची झाली. नियम मोडला तर सर्कलमागे दिवसाला कमाल एक लाख रुपये. महाराष्ट्र-गोव्याचे एक, मुंबईचे वेगळे, अशी देशात २२ सर्कल आहेत. सगळीकडे वर्षभर नियम मोडला तरी रक्कम साधारण ८० कोटी होते. नवा स्पर्धक सहा महिने लंगडत राहावा म्हणून मोठी कंपनी एवढे पैसे सहज मोजेल. २०१६ मध्ये सुचवलेल्या ३,०५० कोटींच्या दंडाची मागणीपत्रे निघायला तर २०२१ चा सप्टेंबर संपत आला, आणि तोवर व्होडाफोन व आयडिया एक झाल्या होत्या. ज्याचे कॉल त्या शरद ऋतूत पडले, त्या ग्राहकाला या दंडातून काहीच मिळणार नव्हते. दंडाची रक्कम कंपनीच्या त्या सर्कलमधल्या उत्पन्नाशी बांधली पाहिजे आणि पोर्टच्या तक्रारीचा निकाल काही आठवड्यांत लागला पाहिजे. तोवर जोडणीचा हक्क कागदावर भक्कम आणि व्यवहारात कच्चाच राहील.

पुढच्या लेखांकात : नंबर तोच ठेवून कंपनी बदलताना पडद्यामागे काय घडते.